बाजूच्या सीटवरचा ब्रेक

माझा उजवा पाय माझं ऐकत नाही. डॉक्टरला सांगितलं तर तो गोळ्या देईल, म्हणून सांगत नाही.

बदलापूर पश्चिमेला बेलवलीत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, तिच्या टपावर लाल ‘एल’चा बोर्ड आणि आत मी. शिकणारा उजवीकडे बसतो, मी डावीकडे. माझ्या पायाशी क्लच आणि ब्रेकची आणखी एक जोडी बसवलेली आहे. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच चालवतोय. वाटू द्यावं, त्याने उमेद राहते. गाडी थांबते ती मात्र माझ्या पायाने.

वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर पायाला आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं. रिक्षात बसले की मी समोरच्या पत्र्यावर ब्रेक मारते. टीव्हीवर कोणाची गाडी दरीच्या दिशेने निघाली की मी टीपॉय सरकवते. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढपी आमटीची बादली घेऊन जोरात आला, तर मी टेबलाखाली असा ब्रेक मारला की शेजारच्या बाईच्या पैठणीवर माझी चप्पल उमटली. त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. तशा त्या आधीही फार बोलत नव्हत्या.

शिकायला येणारे सगळे नमुनेच. या पावसाळ्यात एक निवृत्त गृहस्थ यायचे. सरकारी कचेरीत जन्म गेला, तिथे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, म्हणून मीही भाऊसाहेबच म्हणायची. मुलाने गाडी घेऊन दिली होती आणि ती चालवली नाही तर सून काय म्हणेल, ही त्यांची काळजी. समोर कुत्रं, सायकल, भाजीवाली, काहीही आलं की भाऊसाहेब स्टिअरिंग घट्ट धरून डोळे मोठे करायचे. पायाने काही करायचं असतं हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही. मग मी ब्रेक मारायची. गाडी थांबली की ते घाम पुसून म्हणायचे, “मॅडम, वाचवलंत.” मी म्हणायची, “भाऊसाहेब, खाली तीन पेडल दिलीत, शोभेला नाही दिली.” ते म्हणायचे, “हो, हो.” पुढच्या वळणावर परत तेच.

माझ्या मुलीला मीच गाडी शिकवली. त्याच पांढऱ्या गाडीत, त्याच डाव्या सीटवरून. पहिल्या झटक्यात टेस्ट पास झाली. मी पेढे वाटले, आणि गल्लीत वर्षभर तरी सांगत फिरले की माझ्या हाताखालून गेलेली पोर आहे, हसण्यावारी नेऊ नका.

तर या पोरीने गेल्या उन्हाळ्यात गाडी घेतली. नोकरीला लागून चार वर्षं झालेली, पैसे तिचे, मी बोलणारी कोण! पण गाडी आधी घेतली आणि घरी नंतर सांगितलं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जुन्या गाड्यांचा एक डीलर आहे, त्याच्याकडून. परदेशी बनावटीची, लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. आमच्या सोसायटीच्या गेटमधून आत येताना स्पीड ब्रेकरला पोट घासलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मला ऐकू आलं.

माझे मिस्टर अंबरनाथला एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. घरातल्या गॅसच्या शेगडीजवळसुद्धा त्यांनी सूचना चिकटवली आहे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “दोनच दारं? मागे कोण बसणार?”

“मागे कोणी बसत नाही, बाबा,” मुलगी म्हणाली.

“मग ती जागा कशाला ठेवली आहे?” असं म्हणून ते वर गेले आणि छोटं अग्निशामक नळकांडं घेऊन खाली आले. ते त्यांनी मागच्या सीटवर ठेवलं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या दृष्टीने तो सुरू झाला. कारण पोरगी म्हणाली, “आई, ही मागच्या चाकांवर चालते बरं का. रिअर व्हील ड्राइव्ह.” आपल्या साध्या छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, ही मागून ढकलली जाते. मी म्हटलं, “मग काय झालं? कुठून तरी चालतेय ना?” तिने मला उल्हासनगरच्या कपडा मार्केटातल्या हातगाडीची आठवण करून दिली. पुढून ओढली की ती मुकाट मागे येते. मागून ढकलली आणि खाली चिखल असला, की ढकलणारा एकीकडे आणि माल दुसरीकडे. म्हणजे पावसात, वळणावर, ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला की या गाडीचं मागचं अंग निसटतं आणि पुढे जायला बघतं.

हे तिने मला हसत हसत सांगितलं. आणि त्याच आठवड्यात सांगितलं की पुण्याला नवी नोकरी लागली आहे, श्रावणात रुजू व्हायचंय, आणि ती याच गाडीने जाणार. कर्जत, खोपोली आणि पुढे घाट. एकटी. भर पावसात.

माझ्या पायाने जमिनीवर ब्रेक मारला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, काय पडलं का?

मग घरात जो तमाशा झाला तो झाला. मी म्हटलं, बसने जा. ती म्हणाली, मग गाडी काय लोणच्यात घालू? मी म्हटलं, दसऱ्यानंतर ने, पाऊस संपू दे. ती म्हणाली, पुण्यात पाऊस पडत नाही का? मिस्टर मधे म्हणाले, “धोका टाळता येत नसेल तर त्याचं नियंत्रण करावं,” तर आम्ही दोघींनी एकदमच त्यांना गप्प बसवलं. पण बोलले ते खरं होतं. मी गाडीची चावी काढून घेतली, तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली आणि अट घातली: जायच्या आधी पावसात ही गाडी मला बाजूला बसवून चालवून दाखवायची. सरावापुरती चावी मी काढून देईन, कायमची मिळेल ती माझं समाधान झालं तरच.

एकच पोरगी आहे मला. त्या घाटात काही झालं असतं तर मी काय, पेढे परत मागितले असते?

आधी टायर बघितले. गाडी कशीही असो, रस्त्याला चिकटून असतात ते टायरच, आणि तेवढं तरी माझ्या धंद्यातलं होतं. आम्ही दोघी डीलरकडे गेलो. तो तोंडभर हसून म्हणाला, “अरे दीदी, टायर तो देखो, बाल भी नहीं गए अभी!” नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते खरंच होते. गाडी कोणा शेठच्या गॅरेजात उभीच होती, चाललीच नव्हती. पण मी नख रोवून बघितलं तर रबर शिळ्या भाकरीसारखं कडक. टायरवर बनल्याचं साल असतं, ते पोरीने वाचून दाखवलं आणि डीलरचं हसू जरा आवरलं. टायर वापरला नाही म्हणून तरुण राहत नाही. उभ्या उभ्याही म्हातारा होतो आणि ओल्या रस्त्यावर त्याला पकड राहत नाही. चारही बदलून घेतले. बरीच घासाघीस झाली. शेवटी डीलरने आपल्या हाताने लिंबू-मिरची बांधून दिली आणि म्हणाला, “ये मेरी तरफ से.” एवढं उदार झाल्यावर त्याला घाम आला होता.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न नव्हता. बदलापूर पूर्वेला शिरगावच्या पुढे एका बिल्डरने लेआउट पाडला आहे. काँक्रीटचे रुंद रस्ते आधी केले, इमारती करायच्या राहून गेल्या. विजेचे खांब आहेत, दिवे नाहीत. चौक आहे, त्याला लागून कोणी राहत नाही. बदलापुरातले सगळे ड्रायव्हिंगवाले तिथेच शिकवतात. वॉचमन ओळखीचा. पावसात मात्र तिथे शिकाऊ कोणी येत नाही, फक्त शेजारच्या शेतकऱ्याच्या म्हशी येतात. त्यांना रस्ता मऊ चिखलापेक्षा बरा वाटतो.

पहिल्या दिवशी मी त्या गाडीत बसले म्हणजे उतरले. सीट इतकी खाली की मला वाटलं अंघोळीच्या पाटावर बसवलंय. पाऊस धो धो. मी सवयीने पाय सरकवला तर पायाशी काहीच नाही. नुसती मॅट. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी डावीकडे बसले होते आणि माझ्याकडे ब्रेक नव्हता. मी सीट बेल्ट दोनदा ओढून बघितला. खोटं कशाला सांगू!

“चल,” मी म्हटलं. “पहिला गिअर. हळू.”

तिने गाडी काढली. सरळ होती तोवर ठीक. पहिल्या वळणावर तिने निम्म्यातच ॲक्सिलरेटर दाबला आणि माझ्या कमरेखालून गाडीचं मागचं अंग बाजूला सरकलं. पाट ओढल्यासारखं.

“अगं ए! मागचं कुठे चाललंय?”

“मला माहितेय कुठे चाललंय. तू ओरडू नकोस.”

“ब्रेक मार! ब्रेक!”

“ब्रेक नाही मारायचा, आई!”

मी मॅटवर एवढा पाय दाबला की पोटरीत गोळा आला. गाडी वाकडी होऊन थांबली. काचेवरचं वायपर आपलं फटक-फटक करत होतं. पोरीने इंजिन बंद केलं आणि शांतपणे मला सांगायला लागली, शिक्षकांच्या मीटिंगमध्ये हेडमास्तर सांगतात त्या सुरात. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा. वळणात ब्रेकही नाही आणि पाय झटकन उचलायचाही नाही. मागचं निसटलं तर नजर जिकडे जायचंय तिकडे, स्टिअरिंग तिकडे, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू सैल. साचलेल्या पाण्यावर चाकं तरंगली तर स्टिअरिंग सरळ धरून गप्प बसायचं. गाडीत घसरण आवरणारी एक यंत्रणा आहे, तिचं बटण चुकूनही बंद करायचं नाही. व्हिडिओतले टोणगे ते मुद्दाम बंद करून गरागरा फिरतात. (टोणगे हा शब्द माझा. तिने मुलं म्हटलं होतं.)

मी ऐकून घेतलं. पण नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या स्कूलचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे: घाबरलात की ब्रेक. आजवर शेकड्याने माणसं मी या एका वाक्यावर रस्त्यावर सोडली. आणि ही माझी पोर मला सांगते की या गाडीत, या पावसात, वळणात घाबरून ब्रेक मारला की खेळ खलास.

“हे तुला कोणी शिकवलं?” मी विचारलं.

“वाचलं. बघितलं. पण हाताला बसत नाहीये. म्हणून तर तुझी अट मानली ना.”

म्हणजे डोक्यात होतं, पायात नव्हतं. हे मला समजलं. पाय शिकवणं माझा धंदाच आहे. त्या दिवसापासून मी तिला स्वयंपाकघरातली भाषा लावली. दूध वर यायला लागलं की तू काय करतेस? पातेलं धाडकन ओढतेस का? ओढलंस तर दूध अंगावर. गॅस बारीक करायचा. मागचं हललं की मी ओरडायचं, “गॅस बारीक!” आणि तिने पाय तसाच, शेगडीची कळ फिरवल्यासारखा, सैल करायचा. वाढवतानाही तसंच. वळण सुटलं, चाकं सरळ झाली, की मग गॅस थोडा मोठा. पहिले दोन दिवस दूध सारखं उतू गेलं. मग जरा जमायला लागलं.

म्हशीवाले काका रोज छत्री घेऊन बांधावर उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी ते जवळ आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, “काय गो बाय, ही गारी रोज शेपटी का हालवते?”

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्याकडे पिकअप टेम्पो होता, तोही मागच्या चाकांवर चालणारा, आणि तो रिकामा असला की पावसात असाच नाचतो म्हणे. “मांगं वजन नाय गो. पेंडीचा पोता टाक, जाग्यावर बसंल.” आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी पेंडीचं एक पोतं आणून डिकीत घातलंसुद्धा.

गाडी जागेवरून निघाली ती खरंच छान निघाली. काकांनी बांधावरून हात वर केला. पण पहिल्या वळणावर डिकीतलं पोतं डावीकडून उजवीकडे घसरलं आणि त्याच्या मागोमाग गाडीची शेपटी आली, आधीपेक्षा दुप्पट. “गॅस बारीक, गॅस बारीक!” करत आम्ही कशाबशा थांबलो. पोतं परत केलं. काकांना वाईट वाटलं, पण पोतं बांधायचं राहिलं म्हणून असं झालं, हे त्यांचं मत कायम होतं. गाडीला मात्र पेंडीचा वास राहिला, आणि तेव्हापासून म्हशी तिच्या मागे लागायला लागल्या. त्या परदेशी कंपनीच्या लोकांना हे कोणी कळवलं नसेल.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. उल्हास नदी चढली, मांजर्लीकडच्या लोकांनी गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या, आणि आम्ही मायलेकी अशा पावसात कुठे जातो, हे सोसायटीला कोडं पडलं. पोरीचा हात बसत चालला होता. वळणाआधी वेग कमी, पाय हलका, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या झाकणांवर जास्तच हलका, येता-जाताना पुढच्या गाडीशी लांब अंतर. मी आतून खूश होते. पण समाधान झालं का? नाही. माझा पाय मॅटवर होताच. मॅटला तिथे खड्डा पडला होता.

मग तो दिवस आला. लेआउटच्या टोकाला रस्ता उताराचा आहे आणि खाली वळतो. वरच्या टेकडीची लाल माती वाहून वळणावर पसरली होती. पोरगी दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी व्यवस्थित येत होती. वळणात मातीवर मागचं चाक गेलं आणि शेपटी सुटली.

मी ओरडायला हवं होतं, गॅस बारीक. पण तोंडातून आवाज फुटला नाही. पायाने मॅट दाबली, मॅटने काही केलं नाही, आणि माझा उजवा हात आपला आपण खाली गेला, दोन सीटच्या मधे असलेल्या हँडब्रेकवर, आणि मी तो सगळा जीव एकवटून वर खेचला.

हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. आधीच निसटलेली मागची दोन चाकं मी जागच्या जागी बांधून टाकली. पुढचं काय सांगू. आधी मला टेकडी दिसली, मग बांध, मग म्हशी, मग परत टेकडी. मागच्या सीटवरचं अग्निशामक नळकांडं दारावर आपटलं. मग गाडी रस्ता सोडून चिखलात मागे मागे गेली आणि थांबली. समोर एक म्हैस उभी होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

आम्हाला दोघींना काही झालं नव्हतं. वेगच केवढा होता! पण माझा हात अजून त्या हँडब्रेकवर होता. पोरीने माझी बोटं एकेक करून सोडवली.

मला वाटलं, आता ही चिडणार. चिडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. पण ती हळूच म्हणाली, “आई, माझी वळत होती गं. मी आवरली होती.”

मला माहीत होतं. शेपटी परत फिरायला लागली होती. स्टिअरिंग बरोबर दिशेला होतं, पाय सैल होता. ते सगळं माझ्या डोळ्यांनी बघितल्यावर मी हँडब्रेक ओढला होता.

“सवयीने गेला हात,” मी म्हटलं.

तिने हँडब्रेक खाली सोडला. मग म्हणाली, “तुला एक सांगू? त्या पांढऱ्या गाडीत मी शिकले ना, तेव्हा गाडी थांबायची. दर वेळी बरोब्बर थांबायची. आणि मला कधी कळायचंच नाही की मी थांबवली का तू थांबवलीस. टेस्टच्या दिवशीसुद्धा मी तुझ्या रिकाम्या सीटकडे बघत होते. अजून एकटी चालवताना माझी नजर डावीकडे जाते. घाटात पण जाईल. मला त्याचीच भीती वाटते, पावसाची नाही.”

बावीस वर्षं लोक मला थँक्यू म्हणत आले. माझी स्वतःची पोर पहिलीच, जिने असं काही सांगितलं. मला खूप लागलं ते. रडूही येईना आणि रागही येईना. काका पळत आले, त्यांनी टेम्पो आणून दोरी लावून गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, “पोता असता तर नसती गेली.” आम्ही हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लेआउटवर पोचल्यावर मी दार उघडून खाली उतरले.

“कुठे चाललीस?” पोरगी म्हणाली.

“मी इथे उभी राहते. तू चालव.”

“आणि गॅस बारीक कोण म्हणणार?”

“तूच म्हण.”

मी बांधावर काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाऊस असा की छत्री नावालाच. लाल गाडी लांब गेली, वळली, परत आली. त्या उताराच्या वळणावर तिची शेपटी हलली तेव्हा मी चिखलात उजवा पाय घोट्यापर्यंत रोवला. काका म्हणाले, “काय गो, विंचू डसला?” गाडी सरळ झाली आणि पुढे निघून गेली. आतून तिचे ओठ हलताना दिसले. ती स्वतःशीच म्हणत होती. मी चप्पल चिखलातून ओढून काढली. पुढचे सगळे दिवस मी तिथेच उभी राहिले, आणि तुम्हाला सांगते, गाडीत बसण्यापेक्षा ते कितीतरी कठीण होतं.

श्रावण लागला. जायच्या सकाळी मी तांदळाच्या डब्यातून चावी काढली, झटकली आणि तिच्या हातात दिली. समाधान झालं का, असं तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मिस्टरांनी टायरची हवा मोजली, नळकांड्याची तारीख बघितली आणि मग कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं. मी तिच्या डब्यात घावन दिले. “घाटात डावीकडे बघू नकोस,” एवढंच म्हटलं. ती म्हणाली, “तूही पायाकडे बघत बसू नकोस. क्लासला जा.”

म्हणून मी क्लासला गेले. घरात बसून वेड लागलं असतं. भाऊसाहेब रेनकोट घालून तयारच होते. बारीक पाऊस लागला होता. आम्ही बेलवलीतून निघालो, आणि माझा जीव सगळा खोपोलीच्या पुढे टांगलेला. आता ती घाटात असेल. आता पहिल्या वळणावर. आता धुकं असेल.

तेवढ्यात गल्लीतून एक भाजीची हातगाडी आडवी आली. भाऊसाहेबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि डोळे मोठे केले. माझा पाय उठला, पेडलवर गेला.

आणि मी तो तिथेच धरला. कसा धरला ते मलाच ठाऊक. पेडलला नुसता टेकवलेला. थांबायला जागा होती, मी डोळ्यांनी मापली होती. तरी तो एक क्षण मला एखाद्या मिनिटाएवढा वाटला. मनात मी म्हणत होते, मारा ना हो. मारा ना.

गाडी थांबली. जरा धक्का देऊन, पण हातगाडीपासून चांगली लांब. भाजीवाल्याने आमच्याकडे बघितलंही नाही.

भाऊसाहेबांनी घाम पुसला. “मॅडम, वाचवलंत.”

“मी काही नाही केलं.”

“असं कसं? गाडी थांबली की.”

“तुम्ही थांबवलीत.”

त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग वाकून स्वतःच्या पायाकडे. तो ब्रेकवर होता. ते बघतच राहिले.

फोन वाजला. पोरगी होती. “वर आले गं. थांबलेय, चहा घेतेय. घाटात एका ठिकाणी मागचं हललं.”

“मग?”

“मग काही नाही. आधी डावीकडे बघितलं. तू नव्हतीस. मग मीच केला गॅस बारीक.”

मी ढसाढसा रडायला लागले. भर रस्त्यात, ‘एल’चा बोर्ड लावलेल्या गाडीत. मागून रिक्षावाले हॉर्न मारायला लागले. भाऊसाहेब पार घाबरले. त्यांना वाटलं, हे सगळं आपल्यामुळेच झालं.

“मॅडम, चुकलं असेल तर मी परत मारतो ब्रेक,” ते म्हणाले. “नीट मारतो.”

“नीटच मारलात हो,” मी म्हणाले. “नीटच मारलात.”